कुत्र्याच्या वाडग्यात अळीचे पीठ: ते कसे बनते आणि कसे पारखावे

पेट फूडच्या पिशव्यांवर आता ‘इन्सेक्ट प्रोटीन’, म्हणजे किड्यांपासून मिळणारी प्रथिने, हे शब्द दिसू लागले आहेत. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून त्याबद्दल वरचेवर विचारणा होते आणि विचारणाऱ्यांत शाकाहारी घरे जास्त. शहराच्या लष्कर भागात, फालका बाजाराच्या नाहीतर शिंदे की छावणीच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरात लॅब्राडोर दूध-पोळीवर आणि दहीभातावर वाढतो. डॉक्टर म्हणतात, याला प्रथिने कमी पडताहेत. कोंबडी घरात शिजवायची नसते. मग किड्यांचे पीठ हा मधला मार्ग वाटतो, शिवाय पिशवीवर हिरवे पानही छापलेले असते.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. अळी हा प्राणी आहे, त्यामुळे हे खाणे शाकाहारी नाही. ज्यांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी फसू नये. दुसरी गोष्ट, हे खाणे पर्यावरणाला हलके की जड, हे किड्याच्या जातीवर ठरत नाही. त्या अळीला काय खाऊ घातले आणि तिला कशावर वाळवले, यावर ते ठरते. पिशवीवरच्या पानावरून यातले काहीच कळत नाही. म्हणून अंड्यापासून वाडग्यापर्यंतचा सगळा प्रवास क्रमाने पाहू.

पेट फूडमध्ये आज सर्वांत जास्त वापर होतो तो ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीचा. शास्त्रीय नाव हर्मेशिया इल्युसेन्स. आपण तिला सोल्जर माशी म्हणू. काळी, लांबट, दिसायला गांधीलमाशीच्या वळणाची. पण ती चावत नाही, डंख मारत नाही आणि घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. प्रौढ माशी जवळजवळ काही खात नाही. थोड्या पाण्यावर आठवडाभर जगते, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि मरते. आयुष्यभराचे सगळे खाणे तिने अळी असतानाच उरकलेले असते, आणि म्हणूनच अळीच्या अंगात एवढी चरबी आणि प्रथिने साठतात.

पहिला टप्पा अंड्यांचा. माश्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. मादी कुजणाऱ्या पदार्थाच्या वासाने येते, पण अंडी थेट त्यावर घालत नाही; जवळच्या कोरड्या फटीत घालते. म्हणून लाकडी पट्ट्या थोडी फट ठेवून एकावर एक बांधतात आणि वासाच्या भांड्यावर मांडतात. एक मादी साधारण पाचशे अंडी घालते. अंडी इतकी बारीक की एका ग्रॅममध्ये पस्तीस-चाळीस हजार बसतात. चार दिवसांत ती फुटतात.

इथे पहिली अडचण येते ती उजेडाची. या माश्यांचे मीलन भरपूर उजेडातच होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत धुके दुपारपर्यंत हटत नाही, तेव्हा पिंजऱ्यात माश्या असतात पण पट्ट्या रिकाम्या राहतात. नवखा माणूस खाद्याला किंवा माश्यांच्या जातीला दोष देतो. खरे तर त्याला खास दिवे लावावे लागतात, आणि साध्या घरगुती एलईडीने काम भागेलच असे नाही.

दुसरी अडचण तापमानाची, आणि आपल्या गावात ती मोठी आहे. सोल्जर माशीला २७ ते ३० अंश सेल्सिअस आणि साठ-सत्तर टक्के दमटपणा मानवतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीत पाचाच्या आसपास उतरतो. कोकणात किंवा केरळात जे काम जवळजवळ उघड्या शेडमध्ये होते, त्यासाठी इथे हिवाळ्यात उब आणि उन्हाळ्यात गारवा विकत घ्यावा लागतो. मे महिन्यात डेझर्ट कूलर उत्तम चालतो, कारण तो हवा गार करता करता दमटही करतो. पावसाळा लागला की त्याचा उपयोग संपतो. हा विजेचा खर्च शेवटी पिठाच्या भावात आणि त्याच्या कार्बनच्या हिशेबात दोन्हीकडे येतो.

दुसरा टप्पा बाळ-अळ्यांचा. अंड्यातून निघालेली अळी डोळ्याला नीट दिसतही नाही. पहिले पाच-सात दिवस तिला मऊ, बारीक, एकसारखे खाद्य लागते. कोंड्याचा ओला लगदा किंवा कोंबडीच्या पिलांचे खाद्य बहुतेक जण वापरतात. याच दिवसांत तिला थेट भाजीच्या कचऱ्यावर सोडले तर निम्म्याहून अधिक अळ्या मरतात, आणि दहा दिवसांनी ट्रे रिकामा का दिसतो हे कळत नाही.

तिसरा टप्पा भरणपोषणाचा. अळ्या आता मोठ्या ट्रेमध्ये जातात आणि साधारण दोन आठवडे अखंड खातात. ट्रेजवळ उभे राहिले तर बारीक सळसळ ऐकू येते. हजारो तोंडे एकाच वेळी चालत असतात. वर तळहात धरला की उब जाणवते. ही उब अळ्यांनी स्वतः निर्माण केलेली असते. खाद्याचा थर जाड झाला की आतले तापमान चाळिशीच्या पुढे जाते आणि अळ्या ट्रेच्या कडा चढून पळू लागतात. पळणाऱ्या अळ्या पाहून लोक त्यांना भूक लागली असे समजतात आणि आणखी खाद्य ओततात. करायचे असते नेमके उलट: थर चार-पाच सेंटिमीटरवर आणायचा, हलवून हवा द्यायची, आणि पाणी सुटले असेल तर कोरडा कोंडा मिसळायचा. आंबूस कुबट वास हा खाद्य फार ओले झाल्याचा इशारा असतो.

आता अळीला काय खाऊ घालायचे? या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे, म्हणून थोडे थांबू.

सोल्जर माशीची अळी जवळजवळ काहीही खाते: भाजीचे देठ, फळांच्या साली, लग्नाच्या पंगतीतले उरलेले, मळी, शेणसुद्धा. चांगल्या खाद्यावर शंभर किलो ओल्या मालातून पंधरा-वीस किलो जिवंत अळ्या मिळतात आणि मागे फ्रास उरते. फ्रास म्हणजे अळ्यांची विष्ठा आणि न खाल्लेला चोथा. ते चांगले खत आहे. ‘कचऱ्यातून प्रथिने’ ही घोषणा इथूनच आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये खाद्य-किड्यांवर मोठा अहवाल काढला, त्यानंतर ती जगभर पसरली.

पण कचऱ्यात जे असते त्यातले काही अळीतही उतरते. कॅडमियम हा विषारी धातू अळीच्या अंगात साठत जातो. खाद्यात होता त्याहून अळीत तो अधिक सापडतो. नाल्याच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या भाज्यांत हा धोका खरा असतो. उलट शेंगदाणा किंवा मक्यावरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष अळीत साठत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. साल्मोनेलासारखे रोगजंतू मात्र खाद्यातून अळीच्या पोटात येऊ शकतात. आणि कीटकनाशक हे शेवटी किडे मारायलाच बनवलेले असते. कोबी-फुलकोबीची बाहेरची पाने, ज्यांवर फवारा सर्वांत जास्त पडतो, तीच मंडीत फेकली जातात. ती ट्रेमध्ये टाकली की एका रात्रीत अळ्या सुस्तावतात.

म्हणूनच युरोपात कायद्याने पाळीव किडे हे शेतीतले जनावर मानले आहे. त्यांना हॉटेलचे उष्टे, कत्तलखान्याचा कचरा किंवा शेण घालता येत नाही. धान्याचा कोंडा, बिअर गाळून उरलेली सातूची भुशी, न विकलेली भाजी असले वनस्पतिजन्य पदार्थच चालतात. मत्स्यखाद्यात किड्यांच्या प्रथिनांना तिथे २०१७ मध्ये परवानगी मिळाली, कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये. कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात ती त्याआधीपासून चालत होती.

नियम शहाणपणाचा आहे, पण त्यामुळे हिशेब बदलतो. कोंडा गायही खाते. आपल्या भागात मोहरीची पेंड, गव्हाचा कोंडा, डाळीची चुनी यांतले काही वाया जात नाही. दाल बाजारात त्याला भाव असतो आणि गोठ्यात गिऱ्हाईक असते. लक्ष्मीगंजच्या मंडीतला उरलेला पाला आधी गायी-म्हशींकडे जातो. उरलेल्या ओल्या कचऱ्यावरही आता दुसऱ्याचा हक्क आहे: शहरातल्या लाल टिपारा गोशाळेत २ ऑक्टोबर २०२४ रोजी बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला शंभर टन शेण घेऊन दोन-तीन टन गॅस करण्याच्या क्षमतेचा, आणि त्यात मंडीचा ओला कचराही वापरता येतो. म्हणजे जो माल अळीसाठी निर्धोक, त्याला आधीच दावेदार आहेत. आणि ज्याला कोणी दावेदार नाही, ते पंगतीतले उष्टे आणि घरोघरचा मिसळलेला कचरा, ते कुत्र्याच्या पोटात जाणाऱ्या अळीला घालण्याजोगे नाही. त्या कचऱ्यावर अळ्या जरूर वाढवाव्यात, पण त्या खतापुरत्या.

मला वाटते, पिशवीवर ‘सस्टेनेबल’ लिहिणाऱ्या प्रत्येक कंपनीला हा एक प्रश्न विचारायलाच हवा: अळीने खाल्ले ते दुसऱ्या कोणाच्या तोंडचे होते का?

या दृष्टीने भारतात रेशीमकिड्याची बाजू मजबूत आहे. कोषातून धागा उकलून घेतला की आत मेलेला, उकडलेला कोषस्थ किडा उरतो. तो धाग्यासाठी आधीच वाढवलेला असतो. त्याच्यासाठी वेगळे खाद्य, वेगळी जागा लागत नाही. वाळल्यावर त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने आणि पाव भागाच्या वर चरबी असते. मराठवाड्यात रेशीमशेती वाढली, जालन्याला कोषांची बाजारपेठ उभी राहिली, तेव्हा हा माल पुढे आपल्याही भागात उपलब्ध होऊ शकतो. बंगळूरची लूपवर्म ही २०१९ मध्ये सुरू झालेली कंपनी रेशीमकिड्यांपासून प्रथिने आणि तेल काढते आणि मासे-कोळंबीच्या व पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी पुरवते. यात चुकते ते वासात. ओला कोषस्थ किडा उन्हाळ्यात काही तासांतच खवट होतो, आणि ज्याने तो वेळेत वाळवला नाही त्याचे पीठ कुत्राही हुंगून सोडतो.

चौथा टप्पा काढणीचा. अळी पांढुरकी-पिवळसर, सुमारे दोन सेंटिमीटर लांब झाली की तिला चाळून खाद्यापासून वेगळे करतात. वेळ नेमकी साधावी लागते. आणखी काही दिवस राहू दिले तर ती खाणे थांबवते, गडद तपकिरी होते आणि कोषात जायची तयारी करते. त्या अवस्थेत तिची कातडी टणक होते, कॅल्शियम वाढते आणि पचायला ती जड जाते. ट्रेमध्ये दहात एखादी अळी काळसर दिसू लागली की काढणीचा दिवस आला असे समजतात.

पाचवा टप्पा उकळत्या पाण्याचा. अळ्या धुऊन थोडा वेळ जवळजवळ उकळत्या पाण्यात टाकतात. त्या तत्क्षणी मरतात, अंगावरचे बहुतेक जंतू मरतात आणि रंग काळा पडणे थांबते. हे न करता वाळवलेली अळी काळीकुट्ट होते, कापलेल्या सफरचंदावर डाग पडतो तसेच इथेही हवेने घडते. काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कवचबंद अवस्था, मात्र उकळीलाही दाद देत नाहीत. म्हणून या पाण्यानंतर लगेच वाळवणे आले. रात्रभर ढीग पडून राहिला तर सगळी मेहनत फुकट.

वाळवण दहा टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत करतात. शंभर किलो ताज्या अळ्यांतून तीसेक किलो वाळलेल्या निघतात. बाकीचे सत्तर किलो पाणी उडवायला इंधन लागते. कारखान्याच्या वीजखर्चातला मोठा वाटा इथे जातो. आपल्या मे महिन्याचे ऊन यासाठी फुकट उपलब्ध आहे असे कोणालाही वाटेल, पण उघड्यावर वाळवलेल्या अळीत धूळ येते, घरमाश्या बसतात आणि चरबी उन्हाने बिघडते. जाळी आणि काच लावलेला सौरवाळवणीचा बंद कक्ष हा चांगला तोडगा आहे, फक्त पावसाळ्यात त्याला जोड लागते.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने करवून घेतलेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे बनणाऱ्या अळीच्या पिठाचा हवामानावरचा भार सोयाबीनच्या पेंडीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. कारण हेच: अळ्यांना घातलेले खाद्य, आणि उबेसाठी व वाळवणीसाठी लागलेली ऊर्जा. अळीपेक्षा कारखान्याची व्यवस्था तपासावी ती यासाठी.

सहावा टप्पा तेल काढण्याचा, आणि तो मोहरीच्या पट्ट्यातल्या मुरैना-भिंडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वाळलेली अळी कोमट करून एक्सपेलरमध्ये दाबतात. तेल एका बाजूने, पेंड दुसऱ्या बाजूने. अळीचे तेल थंडीत खोबरेलासारखे गोठते, कारण दोन्हींत लॉरिक आम्ल भरपूर असते. तेल काढण्याआधी अळीत चाळीस ते पंचेचाळीस टक्के प्रथिने आणि तीसेक टक्के चरबी असते. तेल निघाल्यावर पेंडीत प्रथिने पंचावन्न-साठ टक्क्यांवर जातात. ही पेंड दळली की ते तपकिरी पीठ झाले. चांगल्या पिठाला भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा वास असतो. अमोनियाचा किंवा जुन्या तेलाचा वास आला तर माल बिघडलेला.

तेल काढायचे ते निव्वळ विकण्यासाठी नाही. पुढच्या टप्प्यात एक्स्ट्रूडर नावाचे यंत्र येते. त्यात पीठ, तांदूळ किंवा मका, जीवनसत्त्वे आणि वाफ यांचे मिश्रण दाबाखाली शंभर अंशांच्या वर शिजते आणि साच्यातून बाहेर येताच फुगते; त्याचे तुकडे म्हणजे किबल, आपण बाजारातून आणतो ते कोरडे दाणे. मिश्रणात चरबी जास्त झाली की ते यंत्रात घसरते, दाब बसत नाही आणि दाणे चपटे, दगडासारखे होतात. म्हणून चरबी आधी काढतात आणि दाणे वाळल्यावर त्यांवर तेल फवारतात. दाणा बोटांत चुरडून पाहावा: आत बारीक छिद्रे दिसायला हवीत आणि बोटांना हलका तेलकटपणा लागायला हवा.

इथपर्यंत कारखान्याचे काम. आता पिशवी आपल्या हातात आली आहे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. समोर मोठ्या अक्षरांत ‘किड्यांची प्रथिने’ आणि मागे यादीत ती मका, तांदूळ, कोंबडीचे पीठ यांच्या खाली सहाव्या क्रमांकावर असतील, तर ते कोंबडीचेच खाणे आहे, किडा नावापुरता. कोंबडीची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही बाब फार महत्त्वाची ठरते.

दुसरी नजर प्रथिनांच्या आकड्यावर. प्रयोगशाळा प्रथिने थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. किड्याच्या कातडीत कायटिन नावाचा टणक पदार्थ असतो, त्यातही नायट्रोजन आहे, पण ते प्रथिन नव्हे. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अख्ख्या अळीसाठी ४.७६ हा गुणक योग्य. म्हणजे नुसत्या वाळलेल्या अळ्यांच्या पाकिटावर चाळीस टक्के लिहिले असेल तर खरी प्रथिने तीसच्या आसपास धरावीत. पूर्ण आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या किबलमध्ये फरक कमी पडतो, कारण त्यात इतरही घटक असतात. अमेरिकी मानकानुसार प्रौढ कुत्र्याच्या खाण्यात, ओलावा वगळून, किमान १८ टक्के आणि पिलांच्या खाण्यात २२.५ टक्के प्रथिने हवीत.

तिसरी नजर कॅल्शियमवर, आणि घरोघरी सर्वांत जास्त चूक इथेच होते. अख्ख्या अळीच्या पिठात कॅल्शियम पाच-सहा टक्के किंवा त्याहूनही अधिक असते, फॉस्फरस मात्र एक टक्क्याच्या आत-बाहेर. कुत्र्याला या दोहोंचे प्रमाण एकास एक ते दोनास एक असे लागते. दहीभातावर रोज मूठभर वाळलेल्या अळ्या घालून ‘प्रथिनांची सोय झाली’ असे समजणाऱ्या घरात हे प्रमाण पार बिघडते. मोठ्या जातीच्या पिलाला, म्हणजे लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डला, जादा कॅल्शियमचे शोषण आवरता येत नाही आणि वाढीच्या वयात हाडे वाकडी होतात. अळ्या खाऊ म्हणून चार-दोन द्याव्यात. जेवण म्हणून द्यायचे तर ‘कम्प्लीट’, म्हणजे संपूर्ण आहार, असे लिहिलेले किबलच घ्यावे, आणि पिलासाठी ते पिलांकरता असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. अमेरिकेत सोल्जर माशीच्या अळीला २०२१ मध्ये मान्यता मिळाली तीही प्रौढ कुत्र्यांच्या खाण्यापुरती.

मांजराचे गणित आणखी वेगळे. कुत्रा पोळीभातही पचवतो. मांजर पक्के मांसाहारी. तिला टॉरिन हे द्रव्य खाण्यातूनच मिळावे लागते, नाहीतर हृदय आणि डोळे निकामी होतात. अळीत ते पुरेसे नसते. मांजराच्या पिशवीवर टॉरिन वेगळे घातल्याचे लिहिलेले नसेल तर ती घेऊच नये.

ॲलर्जीसाठी हे खाणे उपयोगी पडते का? पुष्कळदा पडते. कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा गोमांस, दूध, कोंबडी किंवा गहू यांची असते. आपल्याकडे यांतले दूध आणि गहू रोजच्या वाडग्यात असतात. किडा त्याच्या शरीराला नवा, म्हणून त्यावर प्रतिक्रिया येण्याचा संभव कमी. पण धुळीतल्या सूक्ष्म माइट किड्यांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला किड्यांची प्रथिनेही बाधू शकतात, कारण दोन्हींतले एक प्रथिन सारखे असते. चाचणी करायची तर आठ आठवडे दुसरे काहीही द्यायचे नाही. इथे घात करतो तो आजोबांच्या चहासोबतचा टोस्ट. ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून दिलेला तो तुकडा आठ आठवड्यांचे निरीक्षण पुसून टाकतो.

नवे खाणे एकदम बदलू नये. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवे, तीन भाग जुने, मग निम्मे-निम्मे, मग तीन भाग नवे, आठ-दहा दिवसांत पूर्ण. शौच पातळ झाले तर आधीच्या पायरीवर परत यावे. दहीभातावरून येणाऱ्या कुत्र्याला पाणी जास्त लागेल, कारण भातातले पाणी आता बंद झाले. पाण्याचा वाडगा दिवसातून दोनदा भरून ठेवावा, आणि मे महिन्यात चारदा.

कामाच्या कुत्र्यांचा विषय ग्वाल्हेरला जवळचा. झाशीच्या रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे, आणि अलीकडे तिथे रामपूर आणि मुधोळ हाउंड या देशी जातीही तयार होतात. मुधोळची जात नावारूपाला आणली ती मुधोळच्या घोरपडे राजांनी, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. अशा सडपातळ, धावणाऱ्या कुत्र्यांचे खाणे घरी सोफ्यावर झोपणाऱ्या लॅब्राडोरला घालू नये, उलटेही करू नये. पिशवीवरचे मोजमाप वजनावर असते. त्यात धावण्याचा हिशेब आपण धरायचा.

राहिला पर्यावरणाचा प्रश्न. कॅलिफोर्नियातील संशोधक ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ मध्ये मांडले की अमेरिकेत पशुजन्य अन्नाच्या उत्पादनामुळे पडणाऱ्या भारापैकी २५ ते ३० टक्के वाटा कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा आहे. आकडा मोठा आहे, पण बाजारच्या किबलमधले कोंबडीचे पीठ बहुधा माणूस खात नाही अशा भागांपासून बनते. त्याच्या जागी खास वाढवलेली अळी आणून फार काही वाचत नाही. फिशमीलची, म्हणजे मासळीच्या पिठाची, गोष्ट वेगळी: त्यासाठी तारलीसारखी लहान मासळी समुद्रातून उपसली जाते. त्याच्या जागी अळी आली तर फायदा पटण्याजोगा आहे. म्हणून आपल्या कुत्र्याच्या सध्याच्या पिशवीत काय आहे ते आधी वाचावे, मग बदलावे.

भावाचीही कल्पना असू द्यावी. अळीचे पीठ कोंबडीच्या पिठापेक्षा महाग पडते. फ्रान्सची यिन्सेक्ट ही कंपनी साठ कोटी डॉलरच्या घरात भांडवल उभे करूनही २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. एखादे खाणे बाजारातून अचानक नाहीसे होऊ शकते, म्हणून कुत्र्याला एकाच किबलची इतकी सवय लावू नये की दुसरे तो हुंगणारही नाही.

शेवटी साठवण. पिशवी फोडल्यावर दाणे डब्यात ओतू नयेत. पिशवीसकटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, म्हणजे बॅचचा क्रमांक आणि तारीख हाताशी राहते. महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच पिशवी आणावी, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत त्याहूनही लहान. आणि पिशवीत कधी जिवंत, वळवळणारी अळी दिसली तर ती खाण्यातलीच असेल असे समजू नका. खाण्यातली अळी उकळत्या पाण्यातून, वाळवणीतून, दळणातून आणि एक्स्ट्रूडरच्या उष्णतेतून गेलेली असते. दिसते ती गोदामातली कीड. फोटो काढावा, बॅच क्रमांक लिहून घ्यावा आणि पिशवी दुकानदाराला परत करावी.